लाल गाडीला डब्याचे अ‍ॅक्सल

अमेरिकेत अकरा महिने काढून मी परत आले तेव्हा आमच्या टीममधल्या सगळ्यांनी फ्लॅट घेतले होते किंवा ते घ्यायच्या बेतात होते. कॉम्प्युटरवाल्या माणसाने ऑनसाइट जायचं, परत यायचं, ऑफिसात चॉकलेटं वाटायची आणि फ्लॅट बुक करायचा, असा क्रम त्या वर्षांत पुण्यात ठरून गेला होता. चॉकलेटं मी वाटली. मग एका रविवारी शहराच्या कडेच्या मांजरी गावात फ्लॅट बघायला गेले. उसाच्या शेतांना खेटून नव्या सोसायट्या उभ्या राहत होत्या, त्यातल्या एका सोसायटीचे सेक्रेटरी भेटले. त्यांनी पाणी दिलं, गॅलरीतून ऊस दाखवला आणि माझं पूर्ण नाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी ते पुन्हा विचारलं, जसा काही आडनावाच्या वेळी मध्येच ट्रक गेला होता. ट्रक गेला नव्हता. मग मूळ गाव झालं, वडील कुठे असतात ते झालं, आणि शेवटी ते अतिशय आदराने म्हणाले, "आपल्याला इथे करमायचं नाही हो. आमच्याकडे सगळी साधी माणसं आहेत."

त्याच आठवड्यात मी स्पोर्ट्स कार घेतली.

लाल रंगाची, दोनच माणसांची, वरचं कापडी छप्पर मागे लोटता येणारी. एका छोट्या कारखान्याने असल्या थोड्या गाड्या काढल्या होत्या आणि मग तो कारखाना बंद पडला होता. गाडीचा मालक कायमचा ऑस्ट्रेलियाला चालला होता. त्याने आडनाव विचारलं नाही. रिव्हर्स नीट येतो का एवढंच विचारलं, कारण त्याच्या पार्किंगमधून ती उलटीच काढावी लागायची. एरवी समंजस असलेल्या मुलीने हा खुळेपणा का केला असं आज कुणी विचारलं, तर मी या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवते. तेव्हा ठेवल्या नव्हत्या. तेव्हा मला फक्त गाडी आवडली होती.

आमचं घर खडकी बाजाराच्या मागे. पप्पा दारूगोळ्याच्या कारखान्यात टूलरूममध्ये टर्नर होते, म्हणजे लेथ मशीनवर लोखंडाला आकार देणारे, आणि नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर बोटाने दोनदा ठोकलं आणि म्हणाले, "फायबर." ही ना पसंती होती ना नापसंती, नुसती नोंद होती. आईने दार उघडून आत डोकावलं, मागची सीट शोधली, ती काही सापडली नाही. उरलेली गाडी कधी येणार, असं तिने विचारलं.

ऑफिसात या गाडीवर सगळ्यात जास्त हक्क सांगितला तो आमच्या टीम लीडने. हा गृहस्थ कसबा पेठेतला. तिथे राहणाऱ्याला गाडी ठेवता येत नाही, पण गाडीबद्दलच्या मतांना गल्लीची रुंदी आड येत नाही. तो स्वतः स्कूटरवर यायचा आणि जगातल्या यच्चयावत गाड्यांचे दोष त्याला पाठ होते. माझ्यापेक्षा चारच वर्षांनी मोठा, पण सगळ्यांना अहो-जाहो करायचा. त्यात आदर किती आणि अंतर किती, हे ज्याचं त्याने ठरवायचं. गाडी पाहून तो म्हणाला की निर्णय धाडसी आहे. पुण्यात याचा अर्थ मूर्खपणा असा होतो.

एकदा आम्हा दोघांना शिवाजीनगरच्या ऑफिसात मीटिंगला जायचं होतं. स्कूटरवर शर्ट चुरगळतो म्हणून तो माझ्या गाडीत बसला. विद्यापीठ चौकात सिग्नल हिरवा झाला, मी क्लच सोडला, खालून 'खट्' असा आवाज आला आणि इंजिन गर्जायला लागलं. गाडी जागची हलली नाही. फर्स्टमध्ये टाका, असं त्याने सांगितलं. फर्स्टमध्येच आहे, मी म्हणाले. मग सेकंडमध्ये टाका, तो म्हणाला. मी पाचही गिअर टाकून पाहिले. इंजिन प्रत्येक गिअरमध्ये तेवढ्याच उत्साहाने गर्जत होतं.

मागे हॉर्नचा कल्लोळ सुरू झाला. एक आजोबा स्कूटरवरून शेजारी येऊन थांबले, त्यांनी उघड्या छपरातून आत नीट पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, "ताई, शोभेची असेल तर बाल्कनीत ठेवावी." आणि गेले. ट्रॅफिक हवालदाराने दोन रिक्षावाल्यांना हाक मारली, त्या तिघांनी गाडी ढकलली. आमचा लीड शेजारून चालत होता, हातात मीटिंगची फाइल, आणि गाडी ढकलताना जोर कुठे द्यावा हे त्यांना सांगत होता. पुढे त्याने ही हकिकत ऑफिसात सांगितली तेव्हा 'आम्ही चौघांनी ढकलली' असं सांगितलं.

मोडलं होतं ते डाव्या बाजूचं अ‍ॅक्सल. इंजिनाची ताकद पुढच्या दोन चाकांपर्यंत नेणाऱ्या दोन दांड्या असतात, त्यातली एक मधोमध तुटली होती. नवीन दांडी मिळाली असती तर गोष्ट इथेच संपली असती. पण कारखाना बंद, आणि त्या गाडीचा पुण्यातला विक्रेता आता त्याच दुकानात गाद्या विकत होता. त्याने फोनवर माझं सगळं ऐकून घेतलं आणि दोन गाद्यांवर एक उशी मोफत असल्याचं सांगितलं.

मग लीडने सूत्रं हातात घेतली. इंटरनेटवर गाडीवेड्यांचा एक गट होता. त्यातल्या बहुतेकांकडे ही गाडी नव्हती, त्यामुळे त्यांना तिच्याबद्दल मोकळेपणाने बोलता येत होतं. तीन दिवस चर्चा झाली. कुणी परदेशातून सुटे भाग मागवा म्हणालं, कुणी इंजिनच बदला म्हणालं, आणि अखेर एकमत झालं की तुटलेलं अ‍ॅक्सल वेल्डिंग करून घ्यावं. आमच्या ऑफिसजवळ एक नवं गॅरेज निघालं होतं. तिथे एसी लावलेली बैठक होती, माशांची काचपेटी होती आणि बिघाडाला बिघाड म्हणायची पद्धत नव्हती, 'इश्यू' म्हणत. जोड देण्याला 'सोल्यूशन' म्हणत. मी स्वतः दिवसभर हीच भाषा बोलत असल्यामुळे मला ते गॅरेज फार विश्वासाचं वाटलं.

घरी हे सांगितलं तेव्हा पप्पा पेपर वाचत होते.

"फिरत्या दांडीला जोड देऊ नये," ते म्हणाले.

मी त्यांना समजावलं की ही गाडी वेगळी असते. खरं म्हणजे माझ्या मनात होतं ते हे, की ज्या माणसाने आयुष्यभर सायकल चालवली त्याने स्पोर्ट्स कारबद्दल बोलू नये. ते मी बोलले नाही, पण माझ्या आवाजातून ते गळालं असणार.

"लोखंड तेच असतं ना?" असं विचारून त्यांनी पेपरचं पान उलटलं.

वेल्डिंग केलेलं अ‍ॅक्सल आठ दिवस चाललं. नवव्या दिवशी कंपनीचा फॅमिली डे होता. पटांगणात पोरांसाठी जादूगार आणला होता. मोठ्या साहेबांच्या पत्नीला लाल गाडीतून एक चक्कर मारायची इच्छा झाली. साहेब कौतुकाने बघत उभे राहिले. तळघरातल्या पार्किंगमधून वर येणाऱ्या चढावर, बरोबर मध्यावर, तोच 'खट्' आवाज झाला आणि गाडी साहेबांच्या पत्नीसकट हळूहळू मागे जायला लागली. मी हँडब्रेक ओढला. पोरं जादूगाराला सोडून आमच्याकडे धावत आली. बाई उतरल्या, साडी नीट केली आणि म्हणाल्या की मजा आली. पुढच्या वर्षभरात त्या माझ्याशी फक्त हवामानाबद्दल बोलल्या.

लीडचं मत पडलं की वेल्डिंग उत्तम होतं, मटेरियल हलकं निघालं. गॅरेजवाल्याने सांगितलं की गाडी चालवण्याच्या पद्धतीवर त्यांची गॅरंटी नसते.

मी गाडी टेम्पोमागे बांधून खडकीला आणली. पप्पा 'मी सांगितलं होतं' असं म्हणाले असते तर बरं झालं असतं. मला भांडता आलं असतं. त्यांनी विचारलं, चहा घेतलास का. चहा झाल्यावर त्यांनी कपाटातून फ्लॅनेलच्या कापडात गुंडाळलेलं व्हर्नियर काढलं. लोखंडाची जाडी केसाइतक्या फरकाने मोजायचं हे हत्यार त्यांनी नोकरीत असताना स्वतःचं म्हणून घेतलं होतं, आणि लहानपणी आम्हाला त्याला हात लावायची बंदी होती. मग पुठ्ठा अंथरून ते गाडीखाली शिरले.

मी त्यांना काम करताना कधी पाहिलंच नव्हतं. तो कारखाना असा, की घरच्यांना फाटकाच्या आत प्रवेश नाही आणि आतलं बाहेर बोलायचं नाही. तीस-बत्तीस वर्षं ते काय करत होते, हे आम्हाला 'कामावर गेलेत' या दोन शब्दांत माहीत होतं. आता ते तुटलेल्या दांडीच्या टोकांवरचे दाते खडूने खूण करून मोजत होते, दर वेळी तीनदा मोजत होते, आणि जुन्या कॅलेंडरच्या पानामागे पेन्सिलने आकृती काढत होते. ती आकृती पाहून मला माझ्या प्रोजेक्टमधले सगळे डिझाइनचे कागद आठवले. त्यांच्याबद्दल न बोललेलंच बरं.

दुपारी त्यांनी निष्कर्ष सांगितला. "एवढासा कारखाना. तो स्वतः दाते कशाला पाडत बसेल? कुणाचे तरी घेतलेच असणार. कुणाचे घेतले ते बघायचं."

म्हणजे माझ्या स्पोर्ट्स कारच्या पोटात सगळं उसनवारीचं होतं. तिची ऐट तेवढी तिची स्वतःची होती.

रविवारी आम्ही जुन्या बाजारात गेलो. मोडीत निघालेल्या गाड्यांचे सुटे भाग तिथे जमिनीवर ढिगाने पडलेले असतात. लीडला मी सहज बोलले होते, तर तोही आला. बाजार त्याच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर होता आणि तो तिथे पहिल्यांदाच आला होता, पांढरा शर्ट घालून. पप्पा एकेका ढिगाशी बसून दांड्या उचलत, दाते मोजत, व्हर्नियर लावत आणि परत ठेवत. प्रत्येक दुकानदार शपथेवर सांगत होता की हे तुमच्या गाडीला बसणारच. तुमची गाडी कुठली, हे त्यानंतर विचारत होता. एका दुकानदाराने पप्पांचं व्हर्नियर पाहून विचारलं, "काका, अ‍ॅक्सल घेताय का सोनं?"

"सोनं एवढ्या बारकाईने बघावं लागत नाही," पप्पा म्हणाले.

त्याच ढिगात ती दांडी सापडली. दोन्ही टोकांचे दाते तितकेच, जाडी तितकीच, लांबीत नखभर फरक. कुठल्या गाडीची आहे असं विचारल्यावर दुकानदाराने सांगितलं, आणि लीडचा चेहरा पाहण्यासारखा झाला. ती त्या चौकोनी घरगुती गाडीची होती जिला आम्ही सगळे डबा म्हणायचो. पुण्यातल्या निवृत्त बँक अधिकाऱ्यांची लाडकी गाडी, मागच्या काचेला पडदे आणि डॅशबोर्डवर गणपती. ती दवाखान्यात आणि लग्नाला एवढ्याच कामांसाठी बाहेर निघायची, आणि चाळिसाच्या वर गेली तर मालकाच्या पत्नीला चक्कर यायची.

लीड म्हणाला की हे तत्त्वतः चूक आहे. स्पोर्ट्स कारला फॅमिली कारचं अ‍ॅक्सल म्हणजे तिच्या व्यक्तिमत्त्वाचं काय. पप्पांनी त्याचं पूर्ण ऐकून घेतलं आणि दुकानदाराला म्हणाले की दोन्ही बाजूंच्या द्या. एकच बदलली तर दुसरी रुसते.

तिथून लीडने आम्हाला आग्रहाने घरी चहाला नेलं. त्याचे वडील निवृत्त शिक्षक, बोलायला मोकळे. पप्पांची चौकशी केली, कारखान्यात होते म्हटल्यावर व्हर्नियर बघायला मागितलं, कौतुकाने हातात घेऊन पाहिलं. चहा चांगला होता, बाकरवडीही दिली. पप्पांनी त्यांना दाते कसे मोजतात ते समजावून सांगितलं आणि मला वाटलं की दोन म्हातारे आता मित्र होणार. निघताना शिक्षकांनी दारात पप्पांच्या खांद्यावर हात ठेवला.

"आपल्याला रविवारी वेळ असतो ना? आमचा माजघरातला पंखा फार कुरकुरतो. आणि मिक्सरही बघून टाकाल."

लीड खाली बघायला लागला. पप्पांनी वर पाहिलं, म्हणजे खरोखरच मान वर करून माजघरातल्या पंख्याकडे पाहिलं.

"आमच्याकडे पंख्याचं खातं वेगळं होतं," ते म्हणाले आणि चपला घातल्या.

बाजारातली दांडी जशीच्या तशी बसणार नव्हती, कारण तिच्या टोकांच्या वाट्या, म्हणजे दांडी ज्यांत बसून फिरते ते सांधे, वेगळ्या होत्या. मधली दांडी डब्याची ठेवायची आणि वाट्या आमच्या बसवायच्या, असं पप्पांनी ठरवलं. चाकं काढून गाडी विटांच्या ओट्यांवर चढवली. ते कारखान्यातल्या कुणा जुन्या माणसाला बोलावतील असं मला वाटलं होतं. त्यांनी मला बोलावलं. दोन रविवार मी गाडीखाली पडून होते, कोपरापर्यंत ग्रीसने माखलेली. दांडी निसटू नये म्हणून टोकाला एक बारीक कडी बसवावी लागते. ती मी पहिल्यांदा उलटी बसवली. "उलटी आहे," पप्पा म्हणाले. दुसऱ्यांदाही उलटी बसवली. "तीच उलटी आहे," ते म्हणाले. आमच्या ऑफिसात एवढ्या चुकीवर दोन मीटिंगा झाल्या असत्या, आणि कडी उलटीच राहिली असती.

गाडी चालू झाली तेव्हा पप्पा आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि शेजारी बसले. मला वाटलं, आता लांब फिरायला जाऊ. त्यांनी गाडी एका रिकाम्या मैदानावर न्यायला सांगितली, छप्पर लावून घ्यायला लावलं आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून चालण्याच्या वेगाने गोल गोल फिरव म्हणाले. सांध्यात खोट असेल तर वळताना टकटक ऐकू येते. मी अर्धा तास लाल स्पोर्ट्स कार घाण्याच्या बैलासारखी फिरवत होते आणि पप्पा खिडकीतून मान बाहेर काढून चाकाकडे कान लावून बसले होते. रस्त्यावरून जाणारे दोन जवान थांबून बराच वेळ बघत राहिले. आधी उजवीकडून फिरवली, मग डावीकडून. शेवटी त्यांनी मान आत घेतली.

"चल घरी."

दुसऱ्या आठवड्यात लीडने इंटरनेटवरच्या त्या गटात लांबलचक इंग्रजी लेख टाकला. फोटो होते, बाण काढलेली आकृती होती, ती कॅलेंडरमागची पप्पांचीच, स्वच्छ करून घेतलेली. 'आम्ही अनेक पर्यायांचा अभ्यास केला' इथपासून 'आम्ही या निष्कर्षाला आलो' इथपर्यंत सगळीकडे आम्ही होतं. एका स्थानिक मेकॅनिकची मदत झाल्याचा उल्लेख शेवटून दुसऱ्या ओळीत होता. खाली अभिनंदनाचा पाऊस पडला होता.

मी तो लेख छापून घरी नेला आणि पप्पांना मराठीत सांगत गेले. सांगता सांगता माझाच आवाज चढत गेला. ते शांत ऐकत होते. लांबीचा आकडा आला तेव्हा मात्र त्यांनी थांबवलं. तो चुकला होता, लीडने लांबी वाट्यांसकट मोजली होती. कुणी तो वाचून दांडी आणली तर बसणार नाही, आणि ठोकून बसवली तर चालत्या गाडीत निसटेल. त्यांना आलेला राग मी त्या सबंध प्रकरणात तेवढा एकदाच पाहिला.

मी त्याच दिवशी उत्तर लिहिलं. चांगलं खरमरीत लिहिलं, स्थानिक मेकॅनिक या शब्दांवर एक अख्खा परिच्छेद खर्च केला. पप्पांनी ते मराठीत वाचून दाखवायला सांगितलं. वाचून झाल्यावर म्हणाले की आकडा तेवढा राहू दे, बाकीचं काढ. मी वाद घातला. ते म्हणाले, बाकीचं वाचता वाचता आकडा वाचायचा राहील. शेवटी तीन ओळी उरल्या, त्यांत दोन आकडे. मी माझ्या हट्टाने खाली लिहिलं, 'टर्नर, टूलरूम, निवृत्त'. लीडने त्याखाली टाइपिंगची चूक दाखवून दिल्याबद्दल माझे आभार मानले.

त्यानंतर ईमेलवर पत्रं यायला लागली. ती गाडी असलेले लोक फार नव्हते, पण जे होते ते सगळे आमच्यासारखेच अडकले होते. पप्पा मराठीत सांगायचे, मी इंग्रजीत टाइप करायचे. एक डॉक्टर कोल्हापूरहून आपली पिवळी गाडी ट्रकवर घालून घेऊन आले, पप्पांना सर म्हणत होते आणि जाताना पाया पडायला लागले. पप्पांनी त्यांना उठवून कडी कशी बसवायची ते दाखवलं. डॉक्टरांनीही ती पहिल्यांदा उलटी बसवली. मला फार बरं वाटलं.

दीड वर्षाने मी गाडी विकली. घेणाऱ्याला अ‍ॅक्सल डब्याचं आहे हे आधी सांगायचं, अशी पप्पांची अट होती. तो म्हणाला, म्हणूनच तर घेतोय.

मधल्या काळात त्या एसीवाल्या गॅरेजने तीच दांडी, तसल्याच वाट्या बसवून, खोक्यात घालून विकायला काढली होती. खोक्यावर लाल गाडीचं चित्र आणि 'परफॉर्मन्स अ‍ॅक्सल' असं नाव. मी संतापले आणि पप्पांना ते दाखवायला घेऊन गेले. काउंटरवर एक दांडी मांडून ठेवली होती. पप्पांनी हात पुढे केला तशी काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, प्लीज हात नका लावू, इम्पोर्टेड आहे."

पप्पांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले, वाकले आणि ओठ हलवत दाते मोजले. तीनदा मोजले. मुलगी माझ्याकडे बघत होती. मी माशांकडे बघत होते.

बाहेर आल्यावर मी विचारलं, आता काय करायचं. मला तक्रार करायची होती, लीडला फोन करायचा होता, निदान त्या मुलीला काहीतरी ऐकवायचं होतं.

"बरोबर केलंय त्यांनी," पप्पा म्हणाले. त्यांचा चेहरा खुलला होता. "ग्रीस तेवढं कमी लावतात."